तिळगूळ आणि जर्मनीतली विजेची शेगडी

ड्रेस्डेनमधली पहिली संक्रांत. बाहेर बर्फ, होस्टेलच्या सामायिक स्वयंपाकघरात मी. तीळ तुर्की दुकानात मिळाले, गूळ भारतीय दुकानात. पण साधा, चिक्कीचा नव्हे. पाक केला आणि लाडवांचे दगड झाले. आईला फोन केला तर म्हणाली, "अगं, गॅस लगेच बंद करायचा ना!" केला होता की! पण इथली विजेची शेगडी बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते, पाक पुढे शिजतच राहतो.

दुसऱ्या खेपेला पाकाच्या भानगडीत पडलेच नाही. चमचाभर तुपात गूळ नुसता विरघळवला, भांडं लगेच लाकडी पाटावर उतरवलं, भाजलेले तीळ, दाण्याचं कूट, वेलची घालून ताटात थापलं. मऊ वड्या झाल्या. शेजारच्या पोलिश मुलीने चार खाल्ल्या, 'गोड बोला' मात्र तिला तीनदा शिकवावं लागलं.