मालवणला जाताना: भरती-ओहोटी पाहून आखायचे दोन दिवस

मालवणला येणारे पुष्कळ पाहुणे सकाळी सिंधुदुर्ग किल्ला, दुपारी मासे आणि संध्याकाळी तारकर्ली असा बेत एका दिवसात उरकून रात्री गोव्याच्या वाटेला लागतात. माझा आग्रह आहे की तसे करू नये. या गावात पाहण्यासारखे जे आहे त्यातले बरेचसे ओहोटीलाच उघडे पडते, आणि जे खाण्यासारखे आहे ते होड्या बंदराला लागल्यावरच मिळते. म्हणून किमान दोन रात्रींचा मुक्काम ठरवावा, तोही शक्यतो मालवण गावातच, आणि बेत आखण्यापूर्वी दिनदर्शिका उघडून तिथी पाहावी.

तिथी पाहण्याचे कारण साधे आहे. अमावास्येला आणि पौर्णिमेला भरती साधारण दुपारच्या आणि मध्यरात्रीच्या सुमारास येते, त्यामुळे सकाळी लवकर आणि संध्याकाळी पाणी मागे हटलेले असते. अष्टमीच्या आसपास हे चक्र उलटते आणि ऐन दुपारी खडक मोकळे होतात. भरतीची वेळ दररोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. इतके लक्षात ठेवले तरी दिवसाचा अंदाज बांधता येतो; नेमकी वेळ मात्र उतरल्या ठिकाणी यजमानांना विचारावी. तिथे घरातल्या लहान मुलालाही ती ठाऊक असते.

मुंबईहून येणाऱ्यांना रेल्वे सर्वांत सोयीची. मालवणला स्वतःचे स्थानक नाही; कुडाळ, सिंधुदुर्ग किंवा कणकवली येथे उतरून एसटीने अथवा रिक्षाने पुढे यावे लागते. त्यातले कुडाळ जवळचे, सुमारे तीस किलोमीटरवर. कोकणकन्या आणि तुतारी या दोन्ही गाड्या या तिन्ही स्थानकांवर थांबतात. गणपती, दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीत आरक्षण उघडताच संपते, तेव्हा साठ दिवस आधी जागे राहावे. रस्त्याने येणाऱ्यांनी मुंबई–गोवा महामार्गावरून कसालला वळावे. चिपीचा विमानतळ 2021 मध्ये सुरू झाला आहे. विमानाने यायचे असेल तर त्या काळात कोणती उड्डाणे चालू आहेत हे पाहूनच बाकीचा बेत करावा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. मे महिन्यात उकाडा असतो, पण हापूस, फणस, जांभळे आणि करवंदे यांसाठी तो सोसणारे आहेत आणि त्यांचे चुकते असे मला वाटत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंद होतात ते ऑगस्टअखेरपर्यंत. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते. या दिवसांत आलात तर हिरवा कोकण मनसोक्त पाहा, पण ताटातल्या सुरमईबद्दल ती कुठून आली असा प्रश्न अवश्य विचारा. खाडीतले मासे आणि सुके मासे हाच त्या काळातला प्रामाणिक आहार आहे.

आता किल्ला. सिंधुदुर्गाची पायाभरणी 25 नोव्हेंबर 1664 रोजी शिवाजी महाराजांच्या उपस्थितीत झाली आणि हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली सुमारे तीन वर्षांत तो उभा राहिला. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले, त्यांत हा एक आहे. मालवणच्या धक्क्यावरून होडी सुटते आणि दहा-पंधरा मिनिटांत, किल्ला ज्यावर आहे त्या कुरटे बेटाला लागते. सकाळची पहिली होडी धरावी, कारण उन्हे चढली की तटावरचा जांभा दगड तापतो आणि सुट्टीच्या दिवशी धक्क्यावर रांग लागते. होडीवाले परतीसाठी साधारण तासाभराची मुदत देतात. ती पुरत नाही. निघण्यापूर्वीच नम्रपणे बोलून नंतरच्या होडीने परतण्याची सोय करून घ्यावी.

होडी जवळ येते तरी दरवाजा दिसत नाही, याकडे लक्ष द्यावे. दोन बुरुजांच्या वळणात तो असा लपवला आहे की अगदी समोर गेल्यावरच वाट उघडते, आणि आत शिरल्यावरही सरळ पुढे न जाता वळावे लागते. दरवाजातून आत आल्यावर तटावर दोन लहान घुमट्या आहेत. त्यांच्या आत चुन्यात उमटलेले हाताचा आणि पायाचा असे ठसे जपले आहेत, आणि ते महाराजांचे मानून लोक तिथे माथा टेकतात. पुढे राजाराम महाराजांच्या काळात उभारलेले शिवराजेश्वराचे मंदिर आहे. इथली महाराजांची मूर्ती आपल्या डोळ्यांसमोर असलेल्या चित्रांसारखी नाही. तिला दाढी नाही. हे मंदिर पूजेतले आहे, म्हणून पादत्राणे, आवाज आणि छायाचित्रे यांबाबत देवळात असतो तसाच संयम पाळावा. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरी भोवती समुद्र असूनही गोड्या पाण्याच्या आहेत, आणि किल्ल्यात आजही काही कुटुंबे राहतात. वेळ हाताशी असेल तर तो सगळा तटावर घालवावा. सुमारे तीन किलोमीटरच्या या तटाची वळणे बेटाच्या खडकाला धरून गेलेली आहेत. पश्चिमेकडे उभे राहिले की लाट कुठे फुटते आणि भिंत तिथे कशी वळते हे एका नजरेत दिसते, आणि मग हा किल्ला समुद्राशी झगडण्यासाठी नव्हे तर त्याला सोबत घेण्यासाठी बांधला होता हे पटते.

ओहोटीची वेळ दांडीच्या किनाऱ्यासाठी राखून ठेवावी. किल्ल्याच्या पायाभरणीची पूजा जिथे झाली तो मोरयाचा धोंडा तिथेच आहे. खडकावर गणेश, सूर्य आणि चंद्र कोरलेले आहेत. पाणी पुरेसे ओसरले की समोरच्या पद्मगड या लहान किल्ल्याकडे चालत जाता येते. मात्र स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय निघू नये आणि पाणी परतण्यापूर्वी किनारा गाठावा. खडक शेवाळाने निसरडे असतात, त्यामुळे पट्ट्याच्या, पकड असलेल्या चपला घालाव्यात. राजकोटावरचा महाराजांचा पुतळा आणि चिवल्याचा शांत किनारा हे दोन्ही गावातच आहेत. सूर्यास्तासाठी रॉक गार्डन बरे.

संध्याकाळ मात्र एकदा तरी बंदरावर काढावी. होड्या लागतात, टोपल्या वाळूवर उतरतात आणि लिलाव सुरू होतो. दर बोटांच्या खुणांनी आणि अर्ध्या शब्दांत ठरतात. नवख्याला त्यातले काही कळत नाही, पण त्या दिवशी समुद्राने काय दिले हे डोळ्यांना कळते, आणि रात्रीच्या जेवणाचा निर्णय तिथेच घ्यायचा असतो. विकणाऱ्या बायकांच्या कामात अडथळा न आणता एका बाजूला उभे राहावे, छायाचित्र काढण्यापूर्वी विचारावे. गर्दी ओसरल्यावर ‘मावशी, आज काय बरा आसा?’ असे विचारले तर उत्तर खरे मिळते. ‘बांगडो बरो आसा’ असे त्या म्हणाल्या तर खानावळीत जाऊन पापलेट मागू नये. ताज्या माशाचा डोळा फुगीर आणि स्वच्छ असतो, कल्ला उचलला तर लालभडक दिसतो, आणि बोटाने दाबलेले अंग लगेच वर येते.

पाहुणे सुरमई आणि पापलेट यांपलीकडे जात नाहीत याचे मला मनापासून वाईट वाटते. हे दोन मासे मुंबईतही मिळतात. मालवणात बांगड्याचा तिकला खावा: दाट, लाल, आमसुलाच्या आंबटपणाचा आणि तिरफळाच्या वासाचा. तिरफळ ठेचून घातलेले असते. त्याचा वास रश्श्यात उतरला की काम झाले, म्हणून ते ताटात सापडल्यास कडेला काढून ठेवावे, चावू नये, नाहीतर जीभ बधिर होते. मुडदुशी ही मासळी रवा किंवा तांदळाचे पीठ लावून कुरकुरीत तळलेली मागावी. तिसऱ्यांचे, म्हणजे शिंपल्यांचे, सुके ओल्या नारळात करतात. मोरीचे, म्हणजे लहान शार्क माशाचे, मटण अनेकांना धीर होत नाही म्हणून राहून जाते, पण मोरीला काटे नसतात, कूर्चा असते, आणि मालवणी मसाला तिच्यात जसा मुरतो तसा फार थोड्या माशांत मुरतो. कोंबडी-वडे, म्हणजे स्थानिकांचे वडे-सागोती, घाईने मागवायचा पदार्थ नाही. वडे थापून गरम गरम कढईतून यायला हवेत. आधी तळून ठेवलेले वडे चिवट लागतात. म्हणून घरगुती खानावळीत सकाळीच सांगून ठेवावे. जेवण कुठे चांगले मिळते याची एक खूण सांगतो: जिथे फळ्यावर खडूने रोज नवे लिहिले जाते आणि ‘हे आज नाही’ असे सरळ सांगितले जाते, तिथे बसावे. मोसमी माशाचा भाव दररोज बदलतो, तेव्हा तो आधी विचारण्यात संकोच नसावा.

शाकाहारी पाहुण्यांची इथे आबाळ होते हा गैरसमज आहे. ओल्या काजूची उसळ उन्हाळ्याच्या आरंभी मिळते आणि तिच्यासाठी मुद्दाम यावे. सकाळी घावणे किंवा आंबोळी आणि सोबत काळ्या वाटाण्याची उसळ असते. गुळाच्या, वेलची घातलेल्या नारळाच्या रसात बुडवलेले शिरवाळे सहजासहजी खानावळीत मिळत नाहीत. न्याहारी-निवासाच्या यजमानीणबाईंना आदल्या दिवशी विनंती करावी.

पिण्याचे म्हटले तर सोलकढी आधी. नारळाचे घट्ट दूध, कोकमाचे आगळ (घट्ट रस), लसूण आणि मिरची यांखेरीज तिच्यात फारसे काही नसते, म्हणूनच खोटी सोलकढी लगेच ओळखू येते: रंग भडक, चव पाणचट. चांगली सोलकढी फिकट गुलाबी असते, ठेवली की तिच्यावर दुधाचा थर येतो, आणि ती ढवळूनच प्यायची असते. ती भातावरही घ्यावी. उन्हातून आल्यावर कोकम सरबत किंवा शहाळे. गोव्याहून येणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे की तिथली दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणे गुन्हा आहे आणि सीमेवर तपासणी होते.

दुसरा दिवस तारकर्ली-देवबागचा. तारकर्ली सहा-सात किलोमीटरवर आहे. तिथून पुढे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी अशी जमिनीची पट्टी देवबागपर्यंत निमुळती होत जाते. संगमाकडे होडीने जावे, पण तिथल्या पाण्यात पोहायला उतरू नये. नदी आणि भरती यांचे प्रवाह एकमेकांत शिरतात आणि वरून काही दिसत नाही. किल्ल्याभोवतालच्या समुद्राचा काही भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे आणि तिथे प्रवाळ आहेत. पाण्याखाली जायचे असेल तर प्रशिक्षित मार्गदर्शक, नीट बसणारी साधने आणि जीवरक्षक जाकीट याची खात्री करूनच पैसे द्यावेत. प्रवाळाला हात लावू नये, त्यावर पाय ठेवू नये, माशांना पाव टाकू नये. मोडलेले प्रवाळ पुन्हा वाढायला वर्षानुवर्षे लागतात, आणि या किनाऱ्याचे मासे त्यांच्याच आडोशाने वाढतात.

अर्धा दिवस उरला तर कुडाळच्या वाटेवरचे धामापूर पाहावे. 1530 सालचा हा तलाव आजही भरलेला असतो आणि काठावर भगवतीचे देऊळ आहे. दिवाळीनंतर गावोगावच्या जत्रा सुरू होतात. तिथे रात्री दशावतार होतो. जवळपास जत्रा असेल तर झोप सोडून जावे, आणि खाजा व खटखटे लाडू घ्यावेत. आंगणेवाडीची भराडी देवीची जत्रा कौल घेऊन ठरते, त्यामुळे तिची तारीख आधी सांगता येत नाही. ती जाहीर झाली की परिसरात खोली मिळत नाही, हे फेब्रुवारीच्या सुमारास येणाऱ्यांनी तपासून घ्यावे.

परतीच्या सामानात आमसुले, आगळ, मालवणी मसाला आणि काजू घ्यावेत. आगळाची बाटली पिशवीत उभी ठेवावी; त्याचा डाग कपड्यावरून जात नाही. सुके मासे घ्यायचे तर बाजारातच दोन पिशव्यांत घट्ट बांधून मागावेत, म्हणजे गाडीतल्या सहप्रवाशांना त्रास होत नाही. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते, तेव्हा परतीच्या गाडीची वेळ निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा पाहावी आणि मालवणहून स्थानकाकडे दीड तास हाताशी ठेवून निघावे.