शटर अर्ध्यातून परत वर जायचं

लातूरच्या मोंढ्यात आमच्या गोदामाला मोटरचं शटर आहे. सोयाबीनच्या हंगामात ते संध्याकाळी अर्ध्यावर येऊन परत वर जायला लागलं. सकाळी मात्र एकदम नीट! मेकॅनिक म्हणाला मोटर बदला. मला पटलं नाही.

खाली दोन्ही बाजूंना वीतभर उंचीवर सेन्सर असतात. एक इन्फ्रारेड किरण सोडतो, दुसरा पकडतो. किरण अडला की शटर वर जातं, खाली लेकरू आलं तर चिरडू नये म्हणून. भुसकटाचा थर सुती फडक्यानं पुसला, तरी सेन्सरवरचा दिवा लुकलुकतच होता. मग खाली बसून बघितलं, तर किरण पकडणाऱ्या सेन्सरवर थेट मावळतीचं ऊन! त्या उजेडात त्याला किरण ओळखूच येत नव्हता. मेन स्विच बंद करून दोन्हींच्या जागा बदलल्या, दोरी ताणून समोरासमोर बसवले. दिवा स्थिर झाला. सेन्सर बायपास मात्र करू नका, म्हणजे तो वगळून शटर चालवू नका, हात जोडून सांगतो. मी अजूनही खोकं ठेवून तपासतो. टेकायच्या आत शटर वर जातं.