बंद होणाऱ्या मालिकेसाठी वर्गणी गोळा करताना

फेब्रुवारी २००५ मध्ये ‘स्टार ट्रेक: एंटरप्राइझ’ ही अमेरिकी विज्ञानमालिका चौथ्या सीझननंतर बंद होणार असल्याचे जाहीर झाले, तेव्हा तिचे चाहते निषेधाची पत्रे लिहून थांबले नाहीत. पाचव्या सीझनचा खर्च आपणच उचलू, असे ठरवून त्यांनी वर्गणी गोळा करायला सुरुवात केली. २५ फेब्रुवारीला ते फलक घेऊन हॉलिवुडमधील पॅरामाउंट या मालिका बनवणाऱ्या स्टुडिओच्या फाटकासमोर उभे राहिले, आणि अवकाश-उड्डाणाच्या व्यवसायातील तीन अनामिक दात्यांनी ३० लाख डॉलर देऊ केल्याचेही जाहीर झाले. पॅरामाउंटचे उत्तर मात्र स्पष्ट होते: चाहत्यांच्या प्रेमाचे आम्हाला कौतुक आहे, पण निर्मितीसाठी प्रेक्षकांकडून पैसे आम्ही घेऊ शकत नाही आणि घेणार नाही. १३ मे रोजी शेवटचा भाग दाखवला गेला. जमलेले पैसे परत करण्यात आले.

त्या मोहिमेत जिद्द कमी नव्हती आणि प्रामाणिकपणाही कमी नव्हता. पैसे घेण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे त्याची संमती मात्र आधी मिळालेली नव्हती, आणि ती नसेल तर कितीही रक्कम जमली तरी ती ठेवायची कुठे, हाच प्रश्न उरतो. म्हणून आवडती मालिका वाचवण्यासाठी वर्गणी काढण्याचा विचार ज्यांच्या मनात आहे, त्यांनी बँकेचे खाते उघडण्यापूर्वी मालिकेचा मालक कोण, हे शोधून काढावे.

हे शोधणे वाटते तितके अवघड नाही. मालिकेच्या शेवटी जी श्रेयनामावली धावते, तिच्यात निर्मिती संस्थेचे नाव आणि स्वामित्वहक्काची ओळ असते. तो भाग थांबवून वाचावा आणि लिहून घ्यावा. ज्या वाहिनीवर मालिका दिसते ती वाहिनीच मालक असेल, असे गृहीत धरू नये. ‘द एक्स्पान्स’ ही मालिका ११ मे २०१८ रोजी सायफाय वाहिनीने रद्द केली, परंतु सायफायकडे केवळ अमेरिकेतील पहिल्या प्रक्षेपणाचे हक्क होते. मालिका बनवणारी ॲल्कॉन ही संस्था ती दुसऱ्या कोणालाही विकायला मोकळी होती. चाहत्यांनी ही गोष्ट नीट ओळखली आणि सायफायची मनधरणी करण्यात वेळ न घालवता आपला सगळा जोर संभाव्य नव्या खरेदीदारावर लावला. उलट वाहिनीनेच पैसे घालून मालिका बनवून घेतलेली असेल, आणि आपल्याकडच्या दैनंदिन मराठी मालिकांत सहसा असेच असते, तर कथा, पात्रे आणि नाव यांवर वाहिनीचाच हक्क राहतो. निर्माता कितीही अनुकूल असला तरी तो ती उचलून दुसरीकडे नेऊ शकत नाही. अशा ठिकाणी निर्मितीसाठी वर्गणी काढणे मला योग्य वाटत नाही.

मालक कळला की त्याला लेखी विचारावे. पत्र एका पानाचे असावे, आणि त्यात एवढेच विचारावे की प्रेक्षकांनी निधी उभा केल्यास तो कोणत्या स्वरूपात स्वीकारता येईल, किमान किती रक्कम लागेल आणि ती कोणत्या तारखेपर्यंत लागेल. उत्तर नकारार्थी आले किंवा आलेच नाही, तर निर्मितीसाठी पैसे मागू नयेत. नाराज होऊन मोहीम सोडण्याचे मात्र कारण नाही, कारण वर्गणीचा उपयोग इतर मार्गांनीही होतो, आणि बऱ्याच वेळा तेच मार्ग अधिक फलदायी ठरलेले आहेत.

मालकाची संमती मिळाली तर काय होऊ शकते, हे ‘व्हेरोनिका मार्स’च्या उदाहरणात फार चांगले दिसते. मालिका २००७ मध्ये बंद झाली होती. तिचे निर्माते रॉब थॉमस यांनी हक्कधारक वॉर्नर ब्रदर्सला आधी राजी केले आणि मगच १३ मार्च २०१३ रोजी किकस्टार्टर या लोकवर्गणी गोळा करण्याच्या संकेतस्थळावर चित्रपटासाठी २० लाख डॉलरचे आवाहन केले. ती रक्कम अर्ध्या दिवसातच जमली. महिनाभरात ९१,५८५ लोकांनी मिळून ५७,०२,१५३ डॉलर दिले. भागाकार केला तर माणशी सरासरी ६२ डॉलर होतात. हा आकडा मला महत्त्वाचा वाटतो, कारण मोहीम एखाद्या धनिकाच्या चेकवर उभी राहिली नाही, तर साध्या पगारदार माणसाला परवडेल अशा रकमांवर उभी राहिली. १० डॉलर देणाऱ्याला पटकथेची प्रत, २५ डॉलरला टी-शर्ट, ३५ डॉलरला त्यासोबत चित्रपटाची डिजिटल प्रत, अशी चढती मांडणी होती. वितरण आणि प्रसिद्धीचा भार वॉर्नर ब्रदर्सने घेतला आणि १४ मार्च २०१४ रोजी चित्रपट प्रदर्शित झाला.

‘मिस्टरी सायन्स थिएटर ३०००’च्या बाबतीत मालिकेचे जनक जोएल हॉजसन यांनी २०१५ मध्ये आधी शाउट फॅक्टरी या कंपनीच्या साथीने हक्क मिळवले आणि मग आवाहन केले. त्यांनी लक्ष्य टप्प्याटप्प्याने मांडले होते: २० लाख डॉलर जमले तर तीन भाग, ५५ लाख जमले तर बारा. शेवटी ४८,२७० वर्गणीदारांकडून ५७ लाखांहून अधिक डॉलर आले आणि चौदा भागांचा सीझन एप्रिल २०१७ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. ही पायऱ्यांची पद्धत जरूर उचलावी, कारण देणाऱ्याला आपल्या पैशाने नेमके काय वाढणार हे दिसते आणि कमी रक्कम जमली तरी मोहीम वाया जात नाही. मात्र त्याच चाहत्यांकडे पुन्हा पुन्हा जाता येते असे समजू नये. २०२१ मध्ये या मालिकेला लोकांनी पुन्हा भरभरून दिले, पण २०२३ च्या आवाहनात ठरवलेली रक्कम जमली नाही.

आता निर्मितीचा मार्ग बंद असेल तर काय करावे? अशा वेळी वर्गणी मालिकेवर खर्च न करता, मालिकेला प्रेक्षक आहे हे दाखवण्यावर खर्च करावी. ‘द एक्स्पान्स’च्या चाहत्यांनी वर्गणी काढून एक विमान भाड्याने घेतले आणि मालिका वाचवण्याची हाक लिहिलेला लांबलचक फलक त्याच्या शेपटीला बांधून ते सांता मोनिका येथील ॲमेझॉन स्टुडिओच्या वर घिरट्या घालत ठेवले. मालिका रद्द झाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ॲमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांनी लॉस एंजेलिस येथील एका अवकाशविषयक परिषदेत, मालिकेतील कलाकारांच्या समोर, ती ॲमेझॉनवर पुढे चालू राहणार असल्याचे जाहीर केले. केवळ विमानामुळे हे घडले, असे म्हणणे चुकीचे ठरेल. पण एका सीझनच्या खर्चापुढे विमानाचे भाडे म्हणजे किरकोळ रक्कम, आणि ते नेमक्या माणसांच्या खिडकीसमोरून उडाले, हे शिकण्यासारखे आहे.

‘जेरिको’च्या चाहत्यांची गोष्ट जवळून पाहावी अशी आहे. मे २००७ मध्ये सीबीएस या अमेरिकी वाहिनीने ही मालिका रद्द केली. तिच्या शेवटच्या भागात शरण येण्याची मागणी झाल्यावर नायक एकाच शब्दात उत्तर देतो, “नट्स!” इंग्रजीत या शब्दाचा अर्थ ‘दाणे’ असाही होतो आणि ‘मूर्खपणा!’ असाही. दुसऱ्या महायुद्धात, डिसेंबर १९४४ मध्ये, बेल्जियममधील बास्टोनच्या वेढ्यात अमेरिकी सेनाधिकारी मॅकॉलिफ यांनी जर्मनांना हेच उत्तर दिले होते. चाहत्यांनी तो शब्द उचलला आणि न्यू जर्सीतील एका ऑनलाइन दुकानामार्फत सीबीएसच्या कार्यालयांकडे शेंगदाणे पाठवायला सुरुवात केली. पोत्यांमागून पोती जात राहिली आणि एकूण वजन वीस टनांच्या पुढे गेले. जूनमध्ये वाहिनीने सात नव्या भागांची घोषणा करणारे पत्र चाहत्यांना लिहिले, आणि ताजा कलम म्हणून खाली विनंती केली की आता कृपया शेंगदाणे पाठवू नयेत. या योजनेत पैसा एकाच्या खात्यात साठत नव्हता. प्रत्येक जण आपापल्या ऐपतीप्रमाणे थेट दुकानदाराला पैसे देत होता, त्यामुळे हिशेबाचा प्रश्नच आला नाही. ज्यांच्याकडे मोठा निधी सांभाळण्याची यंत्रणा नाही, त्यांच्यासाठी ही सर्वांत निर्धोक रीत आहे. वस्तू निवडताना ती मालिकेतील एखाद्या प्रसंगाशी जोडलेली, टिकाऊ आणि पुढे कोणाच्या तरी पोटात जाईल अशी असावी.

त्याच पत्रात वाहिनीने आणखी एक गोष्ट सांगितली होती: मालिका टिकायची असेल तर ती पाहणारे वाढले पाहिजेत. ते वाढले नाहीत आणि सात भागांनंतर, मार्च २००८ मध्ये, मालिका कायमची संपली. म्हणून मोहिमेच्या पहिल्या दिवसापासून नवे प्रेक्षक जोडण्याचे काम वर्गणीच्या बरोबरीने चालले पाहिजे. ‘चक’ या मालिकेच्या चाहत्यांनी २००९ मध्ये जाहिरातदाराची बाजू ओळखली. मालिकेत सबवे या सँडविचच्या दुकानांच्या साखळीची जाहिरात दिसत असे, म्हणून २७ एप्रिलला, सीझनच्या शेवटच्या भागाच्या दिवशी, त्यांनी ठिकठिकाणच्या सबवेत जाऊन सँडविच विकत घेतले आणि आपण कशासाठी आलो आहोत, हे चिठ्ठ्यांवर लिहून ठेवले. पुढच्या सीझनला सबवेचे प्रायोजकत्व मिळाले आणि मालिका २०१२ च्या जानेवारीपर्यंत चालली.

तारखेकडे डोळेझाक करू नये. मालिका रद्द झाली की सेट मोडले जातात, कलाकारांचे करार संपतात आणि ते दुसरी कामे घेतात. ‘द एक्स्पान्स’चे चाहते पहिल्याच आठवड्यात हालले, हे त्यांच्या यशाचे एक कारण आहे. वर्षानुवर्षांनी काढलेल्या मोहिमेला मालकाचा हात लागल्याशिवाय गती येत नाही. २०११ मध्ये अभिनेते नेथन फिलियन एका मुलाखतीत म्हणाले की, आपल्याला ३० कोटी डॉलरची लॉटरी लागली तर आपण पूर्वी काम केलेल्या आणि बंद पडलेल्या ‘फायरफ्लाय’ या मालिकेचे हक्क विकत घेऊ; त्यावर चाहत्यांनी वचने गोळा करायला सुरुवात केली आणि काही आठवड्यांतच ती थांबवलीही. त्यांनी आधी पैसे न घेता फक्त वचने घेतली, हे फार शहाणपणाचे होते. अंदाज घ्यायचा असेल तर आपणही तसेच करावे: नाव, शहर आणि देऊ इच्छित रक्कम, एवढाच तक्ता भरून घ्यावा.

आता हिशेबाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण चांगल्या मोहिमा इथेच बदनाम होतात. आमच्या वसाहतीच्या गणेशोत्सवाची वर्गणी मी काही वर्षे सांभाळली आहे, आणि त्या अनुभवावरून सांगतो की पावती पुस्तक, दोन सह्यांचे खाते आणि दर आठवड्याला फलकावर लावलेला जमा-खर्च, या तीन गोष्टी असतील तर माणसे पुढच्या वर्षी आपणहून वर्गणी देतात. चाहते एकमेकांना नावानेही ओळखत नसतात, त्यामुळे त्यांच्या मोहिमेला हे नियम अधिकच लागू पडतात. लक्ष्य ठरवताना हातात पडणारी रक्कम मोजावी. समजा, पाच लाख रुपये जमले. मोहीम चालवणाऱ्या मंचाचे पाच टक्के म्हणजे पंचवीस हजार गेले आणि पैसे वळते करण्याचे तीन टक्के म्हणजे पंधरा हजार गेले. चारशे जणांना टी-शर्ट देण्याचे कबूल केले असेल, आणि एका टी-शर्टला साडेतीनशे व कुरियरला शंभर रुपये पडत असतील, तर एक लाख ऐंशी हजार त्यातच संपतात. हाती उरतात दोन लाख ऐंशी हजार. म्हणून भेटवस्तू शक्यतो डिजिटल ठेवाव्यात. किकस्टार्टरची ‘पूर्ण रक्कम जमली तरच पैसे कापायचे’ ही अटही स्वीकारावी. अपुऱ्या रकमेने अर्धवट काम करण्यापेक्षा कोणाच्याच खात्यातून पैसे न जाणे बरे.

भारतातून मोहीम चालवायची असेल तर वैयक्तिक यूपीआयवर वर्गणी घेऊ नये. नातेवाईक नसलेल्यांकडून एका आर्थिक वर्षात पन्नास हजार रुपयांहून अधिक रक्कम मोबदल्याविना मिळाली, तर ती सगळीच करपात्र उत्पन्न ठरू शकते. परदेशस्थ मराठी प्रेक्षकांकडून पैसे येणार असतील, तर परकीय अंशदानाचा कायदा लागू होतो का, हे चार्टर्ड अकाउंटंटला आधीच विचारावे. आणि पुण्या-नाशिकच्या एखाद्या चाहत्याला परदेशी मोहिमेत सहभागी व्हायचे असेल, तर कार्डावर चलन-बदलाचे शुल्क लागते आणि टपालाने येणाऱ्या वस्तूवर सीमाशुल्क पडू शकते, हे त्याला अगोदर सांगावे.

आवाहनात शब्द जपून वापरावेत. वर्गणीदार हा भागधारक नसतो; त्याला नफ्यात वाटा मिळणार नाही आणि कथेत काय घडावे यावर त्याचे मत चालणार नाही, हे पहिल्याच परिच्छेदात लिहावे. जे वचन पाळणे दुसऱ्याच्या हातात आहे, ते देऊ नये. ‘व्हेरोनिका मार्स’ प्रदर्शित झाला त्या दिवशी कबूल केलेली डिजिटल प्रत एका ठराविक सेवेतूनच मिळत होती, ती अनेकांना वापरता आली नाही, आणि ज्यांनी वैतागून दुसरीकडे प्रत विकत घेतली त्यांना वॉर्नर ब्रदर्सला भरपाई देऊ करावी लागली. एवढ्या यशस्वी मोहिमेला गालबोट लागले ते इतक्या लहान गोष्टीने.

मोहीम फसली तर पैशाचे काय करायचे, हे सुरुवातीच्या आवाहनातच छापलेले असावे. परत करणार असाल तर किती दिवसांत आणि शुल्क कोण सोसणार, हे लिहावे. एखाद्या सेवाभावी संस्थेला देणार असाल तर तिचे नाव आधी जाहीर करून प्रत्येक वर्गणीदाराची संमती घ्यावी. ज्याने पाचशे रुपये दिले, त्याने ते त्या पात्रांच्या ओढीने दिलेले असतात, आणि नकार आला त्या दिवशी तो आधीच खचलेला असतो. त्याला हिशेबासाठी ताटकळत ठेवू नये. नकार कळल्यापासून आठवड्याच्या आत शेवटचा जमा-खर्च दोघांच्या सह्यांनिशी सर्वांना पाठवावा, शेवटची रक्कम परत गेल्याची बँकेची नोंद त्याला जोडावी आणि मगच खाते बंद करावे.