खेळाडूने छळाबद्दल सांगितलं तर क्लबने काय करायचं

टूरवर मुलींसोबत महिला व्यवस्थापक, कोचची खोली वेगळी, मसाज आणि स्ट्रेचिंग सगळ्यांसमोर, कोचचे मेसेज फक्त पालक असलेल्या ग्रुपवर. एवढं तुम्ही केलेलं आहे असं धरून चालते. केलं नसेल, तर पुण्यात बालेवाडीच्या स्पर्धेला रात्रभराच्या गाडीने मुलं नेण्याआधी करा.

समितीचंही तसंच. दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तर कामाच्या जागी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती लागतेच. क्रीडा संस्था, स्टेडियम आणि स्पर्धेचं ठिकाण या कायद्यात कामाची जागा धरलेली आहेत. संस्था लहान असेल तर महिलेची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तक्रार करायची मुदत घटनेपासून तीन महिन्यांची आहे.

आता खरं अवघड काम. नागपुरात रेशीमबागेच्या मैदानावर असो की मानकापूरच्या संकुलात, मूल सरळ येऊन तक्रार करत नाही. ‘मी टूरला नाही येत’, ‘त्या सरांच्या बॅचमध्ये नको’ इथून सुरुवात होते. तुम्ही घाई केली की ते गप्प होतं. म्हणून हातातलं काम ठेवा, बाजूला पण इतरांना दिसेल अशा जागी बसा आणि ऐका. ‘मग?’ आणि ‘आणखी काही सांगायचंय?’ एवढंच विचारा. ‘सरांनी हात लावला का?’ असं कधीच विचारू नका. उत्तर तुम्हीच तोंडात घातलंत, असं पुढे कोर्टात म्हटलं जातं आणि खरं बोलणारं मूल खोटं ठरतं.

‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण ते मोडावंच लागतं. ‘सांगितलंस ते चांगलं केलंस, ज्यांना सांगणं गरजेचं आहे त्यांनाच सांगेन’ असं म्हणा. त्याच संध्याकाळी तारीख, वेळ आणि जागेसह सगळं लिहून काढा, मुलाच्याच शब्दांत. ‘सर मले एकटीले थांब म्हणे’ असं ती बोलली असेल तर तसंच लिहा, शुद्ध करू नका. आणि सचिव, अध्यक्ष, मुख्याध्यापक अशा प्रत्येकासमोर तिला पुन्हा बोलायला लावू नका.

यानंतर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘आधी खात्री करून घ्या, कोचला समोर बोलवा’. याच्याइतका घातक सल्ला मी ऐकलेला नाही. समोरासमोर बसवलेलं मूल शब्द मागे घेतं आणि कोचला सावरायला वेळ मिळतो. मूल अठरा वर्षांखालचं असेल तर मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे लैंगिक गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणं तुमच्यावर बंधनकारक आहे. तपास त्यांचा. लपवलंत तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि हाताखालच्या माणसाचं प्रकरण दाबणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. सद्भावनेने माहिती देणाऱ्याला कायदा संरक्षण देतो.

पालक नको म्हणाले तरी हे कर्तव्य सुटत नाही. ‘जाऊ द्या ना जी, पोरीचं नाव खराब होईल,’ हे मी अनेक घरांत ऐकलं आहे. तिथे कायद्याचा धाक दाखवू नका, माहिती द्या. मुलीची ओळख जाहीर करायला कायद्याने मनाई आहे. जबाब घरीही घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी घेते आणि ती गणवेशात नसते. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. हे कळलं की बहुतेक आईबाप सोबत येतात. ऑलिम्पिक पदक जिंकलेल्या साक्षी मलिक, बजरंग पुनिया यांना 2023 मध्ये कुस्ती महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षावरच्या लैंगिक छळाच्या आरोपांसाठी दिल्लीत जंतरमंतरवर धरणं धरून बसावं लागलं, आणि महिला कुस्तीपटू सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर त्याच्यावर गुन्हा नोंदवला गेला. मग नववीतल्या धावपटूने एकटीने लढावं अशी अपेक्षा आपण कशी ठेवणार?

पुढचं सोपं आहे. जवळचं पोलीस ठाणे, 112 किंवा मुलांसाठीची हेल्पलाइन 1098, यांपैकी कुठेही कळवा. हद्दीचं कारण पुढे केलं तर झिरो एफआयआर मागा, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवली जाणारी तक्रार. एफआयआरची प्रत फुकट मिळते. फोनमधले मेसेज पुसू नका, अंगावरचे कपडे धुऊ नका. खासगी रुग्णालयालाही प्रथमोपचार मोफत द्यावे लागतात. कोचला त्याच दिवशी लेखी पत्राने मैदानापासून दूर ठेवा. ग्रुपवर कुणाचंही नाव टाकू नका. खेळाडू सज्ञान असेल तर तक्रार करायची की नाही हे तीच ठरवेल, तुम्ही फक्त सोबत राहा.

आणि त्याच आठवड्यात तिच्यासाठी दुसरा प्रशिक्षक शोधा. निवड चाचणी जवळ आली असेल तर तिचा अर्ज क्लबनेच वेळेत भरावा. तक्रारीनंतर मुली खेळ सोडतात त्या बहुतेक याच दिवसांत, सराव बंद पडला की.