पोलीस गोळीबारानंतर पुरावा कसा जपावा

मावळात ९ ऑगस्ट २०११ ला पवना बंद जलवाहिनीविरोधी आंदोलनात पोलीस गोळीबारात ३ जण गेले. अशा वेळी आधी उपचार. मग पुण्याच्या सरकारी ससूनला असा वा खासगी रुग्णालयात, ‘एमएलसी’ (वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण) नोंद करून घ्याच: गोळी शिरली कुठून, निघाली कुठून, कमरेच्या वर की खाली. पाठीतली जखम फार काही सांगते.

रक्ताळलेले कपडे धुऊ नका. सावलीत वाळवून कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये बुरशी येते, डाग बिघडतात. पंचनाम्याशिवाय पोलिसांना देऊ नका.

सीसीटीव्हीवरचं जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं, म्हणून ते जतन करण्याचा लेखी अर्ज त्याच दिवशी द्या, पोच घ्या.

गुन्हा नोंदवला नाही, तर तक्रार टपालाने वरिष्ठांना, मग दंडाधिकाऱ्यांकडे. मानवी हक्क आयोगाकडे मुदत घटनेपासून १ वर्ष.