गाडीचं ऑइल घरी बदलताना: सिंथेटिक कोणतं घ्यावं, कसं भरावं

दुकानात जाण्याआधी गाडीच्या कप्प्यातली पुस्तिका काढा. ऑइलच्या पानावर तीन गोष्टी सापडतील: ग्रेड, दर्जा आणि किती लिटर लागतं ते. ब्रँडवर लोक तासभर वाद घालतात, पण इंजिनाच्या दृष्टीने या तीन गोष्टी ब्रँडपेक्षा कितीतरी महत्त्वाच्या आहेत.

ग्रेड म्हणजे ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३० असे आकडे. पहिला आकडा थंडीतल्या वाहतेपणाचा. तो जितका लहान, तितकं ऑइल गार इंजिनात लवकर वर चढतं. दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती दाट राहतं ते सांगतो. ‘आपल्याकडे ऊन फार, जाड ऑइल टाका’ हा सल्ला विदर्भात तर हमखास मिळतो. त्यावर जाऊन नव्या इंजिनात २०डब्ल्यू-५० ओतू नका. या इंजिनांतल्या ऑइलच्या वाटा बारीक असतात, आणि अनेक गाड्यांत व्हॉल्व्हचं टायमिंगही, म्हणजे झडपा उघडण्या-मिटण्याची वेळ, ऑइलच्या दाबावरच चालतं. पुस्तिकेत हवामानानुसार दोन-तीन ग्रेड दिले असतील, तर त्यांतला जाड घ्यायला हरकत नाही.

दर्जा म्हणजे डब्यावरचं ‘एपीआय एसपी’ वगैरे. एपीआय ही असे दर्जे ठरवणारी अमेरिकी संस्था. एसपी हा दर्जा २०२० मध्ये आला. टर्बो आणि थेट इंजेक्शन असलेल्या पेट्रोल गाडीला तो जरूर पाहावा. बीएस-६ डिझेल गाडीत धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असेल, तर कमी राख सोडणारं ऑइलच लागतं. इथे चुकीचं ऑइल टाकलं की तो महागडा फिल्टर हळूहळू तुंबत जातो.

आता सिंथेटिकबद्दल. साध्या मिनरल ऑइलमध्ये लहानमोठे सगळ्या आकारांचे रेणू असतात, सिंथेटिकमध्ये ते बरेचसे एकसारखे. त्यामुळे सिंथेटिक वाफ होऊन कमी उडतं, उष्णतेत उशिरा बिघडतं आणि इंजिनात गाळ कमी साचतो. सिग्नलला थांबत थांबत चालणाऱ्या शहरी गाडीला हा फायदा खरोखर मिळतो, म्हणून जास्तीचे पैसे मला योग्य वाटतात. मात्र सिंथेटिक टाकलं म्हणून पुस्तिकेतली मुदत ओलांडू नका. आपल्याकडच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, अशी मुदत असते. रोजचा प्रवास दोन-चार किलोमीटरचाच असेल, तर त्याहीआधी बदला. इंजिन पुरतं तापत नाही, मग पाण्याचा अंश आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्येच राहतं.

डबा सीलबंद आणि पक्क्या बिलासह घ्या. सोबत नवा ऑइल फिल्टर आणि ड्रेन नटाचा (जुनं ऑइल खाली सोडायच्या नटाचा) नवा वायसर घ्या. गाडी वॉरंटीत असेल, तर घरी बदलण्याआधी तिच्या अटी वाचा.

इंजिन पाचेक मिनिटं चालवून बंद करा. कोमट ऑइल पटकन उतरतं, कढत ऑइल हात भाजतं. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, मागच्या चाकांना दगड लावून उभी करा. पुढची बाजू जॅकने उचललीत तर ती स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका, दोन मिनिटांसाठीही नाही. हातमोजे घाला, कारण वापरलेलं ऑइल वारंवार अंगाला लागलं तर त्वचेच्या कर्करोगाचा धोका असतो.

वरचं ऑइल भरायचं झाकण उघडा. इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या चेंबरखाली पसरट टब ठेवा आणि नीट बसणाऱ्या रिंग पान्याने ड्रेन नट सैल करा. शेवटचे आटे हाताने सोडवा. धार आधी लांब उडते, मग जवळ येते, त्याप्रमाणे टब सरकवा. थेंबांवर येईपर्यंत पंधरा मिनिटं थांबा. ऑइल काळं निघालं म्हणून घाबरू नका, घाण धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. धातूचे चकाकते कण दिसले, तर मात्र मेकॅनिकला दाखवा.

नवा वायसर घालून नट आधी बोटांनी फिरवा, मग पान्याने पुस्तिकेत दिलेल्या जोराइतका आवळा. जास्त ताकद लावली की चेंबरचे आटे जातात आणि पूर्ण चेंबर बदलायची वेळ येते. फिल्टर फिरवून बसवायचा, फिरकीचा असेल, तर जुना काढल्यावर जुनं रबर इंजिनालाच चिकटलं नाही ना, ते बोटाने चाचपून बघा. दोन रबरं एकावर एक बसली तर तिथून ऑइल वाहतं. नव्या रबराला थोडं ऑइल लावा. ते टेकल्यावर फिल्टर हातानेच साधारण पाऊण फेरा आवळा.

भरताना सांगितलेल्यापेक्षा अर्धा लिटर कमी ओता. झाकण लावून इंजिन मिनिटभर चालवा. ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझायला हवा, नाहीतर लगेच बंद करा. खाली ठिबकतंय का पाहा. गाडी जमिनीवर उतरवा, दहा मिनिटं थांबा आणि ऑइल मोजायची पट्टी पुसून मोजा. थोडं थोडं ओतत वरच्या खुणेच्या किंचित खाली थांबा. जास्त भरलं तर क्रँक, म्हणजे इंजिनाच्या तळाशी फिरणारा दांडा, ते घुसळून फेस करतो आणि ऑइलचा दाब कमी होतो.

उरलं ते जळकं ऑइल. आपल्याकडे ते वाळवीसाठी लाकडाला फासतात किंवा गटारात सोडतात. दोन्ही टाळा, ते माती आणि विहिरीचं पाणी नासवतं. रिकाम्या डब्यात भरून अधिकृत पुनर्वापरवाल्याकडे किंवा त्याला माल देणाऱ्या सर्व्हिस सेंटरला द्या. जुना फिल्टर रात्रभर उपडा ठेवून निथळवा, तोही तिथेच द्या. नव्या ऑइलचे रिकामे डबे भंगारात देण्याआधी फोडा, नाहीतर त्यांतच नकली माल भरून विकला जातो.