दोर्दोन्यच्या खोऱ्यात फिरायला जाताय? या चुका टाळा

दुपारचे अडीच वाजले होते. बेनाकचा किल्ला उतरून आम्ही दोर्दोन्य नदीकाठी आलो तेव्हा पोटात कावळे ओरडत होते, आणि समोरच्या हॉटेलातला माणूस खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवत होता. "ला क्विझीन ए फेर्मे." स्वयंपाकघर बंद. शेजारच्या हॉटेलातही तेच उत्तर. शेवटी गाडीच्या डिकीतला चिवडा बाहेर आला आणि नदीकडे तोंड करून चौघांनी तो मुकाट्याने संपवला.

फ्रान्सच्या नैर्ऋत्येला दोर्दोन्य जिल्हा आहे. याचं जुनं नाव पेरिगोर, आणि सारला गावाभोवतीचा भाग ओकच्या गर्द झाडीमुळे 'काळा पेरिगोर' म्हणून ओळखला जातो. काय पाहायचं ते नेटवर शोधलं की दहा मिनिटांत कळतं. फसगत होते ती वेळेच्या बाबतीत. जेवण बारा ते दोन, रात्रीचं सातनंतर. गुहेचं तिकीट ठरलेल्या मिनिटाचं, बाजार सकाळचा, बस दिवसातून मोजक्या. दिवसाची आखणी या वेळांभोवती करा, ठिकाणांच्या यादीभोवती नको.

'पॅरिसहून एका दिवसात उरकून येऊ'

नाही होत. पॅरिसहून वेगवान गाडीने बोर्दोला दोन तासांत पोचता, पण तिथून सारलाची छोटी गाडी आणखी अडीच-पावणेतीन तास घेते. सारलाचं स्टेशनही जुन्या गावापासून लांब आहे. किमान तीन रात्री काढा आणि मुक्काम एकाच ठिकाणी ठेवा. सारलाहून बेनाक दहा-बारा किलोमीटर, लेझेझी वीसेक आणि आदिमानवाच्या चित्रांच्या लास्को गुहेचं मोंतिन्याक पंचवीसेक किलोमीटर. रोज बॅगा भरण्यात अर्थ नाही.

सारलाचा बाजार बुधवारी आणि शनिवारी सकाळी भरतो. अकराला उठून, आवरून गेलात तर विक्रेते टेबलं घडी करताना दिसतील. शनिवारी लवकर पोचा, नाहीतर गाडी लावायला जागा शोधण्यातच बाजार संपेल.

'लास्कोची गुहा बघायचीय'

खरी गुहा कोणालाच बघता येत नाही. 12 सप्टेंबर 1940 ला चार पोरांना ती सापडली. युद्धानंतर लोकांची रीघ लागली आणि माणसांच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने, उष्णतेने, दमटपणाने चित्रं बिघडू लागली. 1963 मध्ये दार बंद झालं ते कायमचं. 1983 मध्ये पहिली प्रतिकृती उघडली आणि डिसेंबर 2016 मध्ये मोंतिन्याकला 'लास्को 4' ही पूर्ण गुहेची प्रतिकृती आली. 'नक्कल बघायला एवढे पैसे?' असं कुरकुरत गेलो होतो, पण बैलांच्या दालनात मान वर केल्यावर तो प्रश्न आठवलाही नाही. फक्त तिकीट आधी काढा. इंग्रजीतून माहिती देणाऱ्या फेऱ्या मोजक्या असतात आणि उन्हाळ्यात त्या आधी भरतात.

अस्सल चित्रंच बघायची असतील तर लेझेझीजवळचं फाँ-द-गोम गाठा. सतराएक हजार वर्षांपूर्वीचे रंगीत गवे तिथे अजून खऱ्या भिंतीवर आहेत. आत फार थोडी माणसं सोडतात, म्हणून विमानाचं तिकीट काढलं की पाठोपाठ याची जागा धरा. ती मिळाली नाही तर रुफिन्याक. इथे छोट्या विजेच्या गाडीत बसून डोंगराच्या पोटात जायचं. छतावर आणि भिंतींवर मॅमथांचे कळपच्या कळप, काळ्या रेषांत काढलेले. गुडघे दुखणाऱ्या आई-बाबांसाठी ही गुहा सगळ्यात सोयीची. आत मात्र 13 अंश असतात. बाहेर 35 अंशांत घामाघूम होऊन आत गेलात की पाच मिनिटांत दात वाजू लागतात. ऑगस्टमध्येही स्वेटर गाडीत ठेवा. अस्सल गुहांत फोटो काढायचे नसतात, फोन खिशातच राहू द्या.

कनू आणि नदी

माझ्या मते हे खोरं किनाऱ्यावरून बघण्यापेक्षा पाण्यातून, म्हणजे कनू या वल्हवायच्या होडीतून बघावं. सेनाकहून बेनाकपर्यंत साधारण नऊ-दहा किलोमीटर, अडीच-तीन तासांचं वल्हवणं. उजवीकडे कड्याला चिकटलेलं ला रोक गाजाक. पुढे डावीकडे कास्तेलनो आणि शेवटी उजवीकडे बेनाक. शतवर्षीय युद्धात (1337–1453) कास्तेलनो बराच काळ इंग्रजांकडे आणि बेनाक फ्रेंचांकडे, मधे ही नदी. दोन्ही किल्ले एकमेकांकडे अजूनही डोळे वटारून बघतायत असं वाटतं.

इथल्या चुका बारीक, पण महागात पडणाऱ्या. पहिली म्हणजे गाडी कुठे ठेवायची हे न विचारणं. कनू भाड्याने देणारे काही जण तुम्हाला आधी मिनीबसने वर नेऊन सोडतात, म्हणजे उतराल तिथे तुमची गाडी उभी असते. काही जण उलटं करतात आणि शेवटची बस ठरावीक वेळेला सुटते. आम्ही ला रोक गाजाकच्या काठावर आइस्क्रीम खात बसलो, बस चुकली आणि ओल्या कपड्यांत तासभर टॅक्सीची वाट पाहिली. पैसे देतानाच शेवटच्या बसची वेळ विचारून हातावर लिहून घ्या.

दुसरी चूक साध्या चपला. कुठे कुठे पाणी घोट्याएवढंच असतं, होडी गोट्यांवर अडकते आणि उतरून ओढावी लागते. पट्ट्याच्या सँडल हव्यात. मोबाइल, पासपोर्ट, गाडीची किल्ली हे सगळं झाकणाच्या पिंपात टाका आणि ते पिंप होडीला बांधलंय ना हे स्वतः ओढून बघा. झाकणाची कडी निसटलेलं पिंप म्हणजे बादलीच.

तिसरी चूक जिवावर बेतणारी. पाणी शांत दिसलं तरी पुलाच्या खांबांपाशी आणि काठावर पडलेल्या झाडांपाशी ओढ असते. होडी उलटली तर झाडाची फांदी धरायला जाऊ नका. पाठीवर व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेला ठेवा आणि उथळ पाणी येईपर्यंत वाहू द्या. लाइफ जॅकेटचे पट्टे सैल ठेवू नका. पोहता येत नसेल तर कनूचा हट्ट सोडा. ला रोक गाजाकहून सपाट तळाच्या जुन्या धाटणीच्या बोटी सुटतात, त्यांना गाबार म्हणतात. पूर्वी यांतून लाकूड आणि दारूची पिंपं बोर्दोकडे जायची. तासाभराची सैर होते आणि साडीही भिजत नाही.

'बटाटाच तर आहे!'

शाकाहारी मंडळींनी हे दोनदा वाचावं. सारलात पहिल्या रात्री आईसाठी बटाटे मागवले. कडा सोनेरी, वरून लसूण आणि पार्स्ली, वास तर असा की शेजारच्या टेबलावरचेही वळून बघावेत. आईने दोन घास खाल्ले आणि विचारलं, "तूप कसलं रे हे?" मी म्हटलं, "अगं, बटाटाच आहे, खा तू." मग वाढणाऱ्या बाईंना विचारलं. त्या अभिमानाने म्हणाल्या, बदकाची चरबी! ही 'पोम सार्लादेझ' म्हणजे या भागाची शान, आणि ती बदकाच्या नाहीतर हंसाच्या चरबीतच परततात. आईने ताट बाजूला सरकवलं आणि दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलली.

इथे चरबी हीच फोडणी आहे. लसणाच्या सुपात ती असू शकते, मशरूमच्या ऑम्लेटमध्येही. 'पेरिगोर सॅलड'मध्ये पानांखाली बदकाच्या पोटाचे तुकडे असतात. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणून भागत नाही. "नी व्यांद, नी प्वासाँ, नी ग्रेस द कानार" असं म्हणा. मांस नको, मासे नको, बदकाची चरबी नको. आणि त्याआधी 'बोंजूर' म्हणायला विसरू नका. बोंजूरशिवाय सुरू केलेला प्रश्न इथे उद्धट वाटतो. बिनधोक पदार्थ म्हणजे अक्रोड, पाव, फळं. बकरीच्या दुधाचं काबेकू चीज चवीला उत्तम, पण चीज घट्ट करताना वासराच्या पोटातलं रेनेट वापरलेलं असू शकतं. पाळणाऱ्यांनी तेही विचारावं.

गाडी

आंतरराष्ट्रीय परवाना निघण्यापूर्वी आरटीओतून काढा. गिअर न टाकता चालणारी गाडी हवी असेल तर बुकिंग करतानाच सांगा. डाव्या हाताने आपण रोज गिअर टाकतो, इथे तो उजव्या हाताने टाकायचा आणि रस्ताही उजवीकडचा. घोटाळा होतोच. पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग तो गल्लीतून का येईना. लाल किनारीची गावाच्या नावाची पाटी दिसली की वेग ताशी 50. पंपावर 'गाझोल' म्हणजे डिझेल, ते वासानं कळत नाही, नावाने ओळखा. रविवारी पंपावर माणूस नसतो आणि मशीन आपलं कार्ड घेईलच असं नाही. शनिवारी टाकी भरून ठेवा.

बेनाकला गाडी वर किल्ल्याजवळच्या पार्किंगमध्ये लावा. खालून चढ छातीवर येतो. राजगड चढलेल्यांनी हसावं, पण त्यांच्याबरोबर सासूबाई नसतात.

रानवाटा

पिवळी खूण स्थानिक वाटेची, लाल-पांढरी लांब पल्ल्याची. दोन पट्ट्यांची फुली दिसली तर वाट चुकली, मागे फिरा. घरी आल्यावर पायांवर गोचीड आहे का ते बघा. शरद ऋतूपासून शिकारीचा हंगाम असतो, तेव्हा भडक रंगाचे कपडे घाला. मशरूम दिसली म्हणून तोडू नका, रान बहुधा कोणाच्या तरी मालकीचं असतं.

हिवाळ्यात कनू बंद असतात आणि बरीच ठिकाणं वसंत येईपर्यंत दार उघडत नाहीत. सारलाचा बाजार मात्र थंडीतही भरतो आणि डिसेंबर ते फेब्रुवारीत शनिवारी काळे ट्रफल (जमिनीखाली उगवणारी सुवासिक बुरशी) येतात. अंडं चालत असेल तर ट्रफलचं ऑम्लेट खाऊन बघा. चरबीबद्दल विचारून.